शालनच्या पियानोचं झाकण

शालनचं हे असंच. वर्षभर माणसाच्या काळजाला डागण्या द्यायच्या आणि भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी नवी साडी नेसून बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, पायरीवर हात जोडून उभं राहायचं. ‘जाणता-अजाणता काही चुकलं असंल तर क्षमा असावी, आक्का.’ झालं! न्हाऊन निघाल्यासारखी स्वच्छ. समोरच्यानंही हात जोडायचे, कारण त्या दिवशी जैनाच्या तोंडातून ‘नाही’ निघत नाही. धाकट्या जावेचा हा डाव आक्काताई तिच्या लग्नापासून बघत आल्या होत्या, आणि दर वर्षी मुकाट हात जोडत आल्या होत्या.

यंदाची गोष्ट वेगळी होती. यंदा तिनं त्रिशलाच्या वाटेत पाय घातला होता.

त्रिशला ही आक्काताईंची नात, नववीतली. दर शनिवारी निपाणीहून बेळगावला, कॅम्पात लोर्ना मिसकडं पियानो शिकायला जायची. वर्षाच्या कार्यक्रमासाठी मिसनी तिला वाजवायला एक बॅलड दिलं होतं, दोनशे वर्षांमागच्या कुणा गोऱ्याचं. मिस त्याला रोमँटिक म्हणायच्या. चौथीत शाळा सुटलेल्या आक्काताईंना त्यात प्रेमबिम कुठं दिसलं नाही. त्यांच्या कानाला ते असं लागे, की कुणी बाई बाळाला निजवत बसलीय आणि अचानक घरावर दरोडा पडलाय. पण तो दरोडा वाजवताना पोरीच्या तोंडावर जे तेज येई, ते त्यांनी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

घरी होता कीबोर्ड. पट्ट्या कमी, आणि कापसासारख्या हलक्या. खरा पियानो होता शालनच्या दिवाणखान्यात, तिच्या नवऱ्यानं, शांतिनाथनं नातवासाठी हौसेनं आणलेला. शाळा सुटली की त्रिशला रोज तिथं जाऊन बसायची. मग शालनच्या नातवानं मिसचा क्लास सोडला, आणि त्याच आठवड्यात पियानोच्या झाकणाला कुलूप लागलं.

“किल्ली कुठं पडली कुणाला ठावं,” शालन म्हणाली. “शोधायलेय बघा, आक्का.”

किल्ली तिच्याच कमरेच्या जुडग्यात लोंबत होती. आक्काताईंनी ती पाहिली आणि शब्द गिळला. पोर शेजारी उभी होती. भांडून मिळवलेल्या पियानोवर तिची बोटं चालली नसती.

मग त्रिशला कीबोर्डवरच बसू लागली. वरच्या सुरांना धावायची वेळ आली की पट्ट्या संपत, आणि तिची बोटं तशीच पुढं टेबलाच्या लाकडावर पळत. सूर तिच्या डोक्यात वाजायचे. बाहेर नुसती टकटक.

बेळगावच्या कार्यक्रमात घात झाला तो तिथंच. दरोडा ऐन भरात आला, हात उजवीकडं धावला आणि सवयीनं लाकडावर टेकावा तसा हलका टेकला. पियानोच्या जड पट्ट्या दबल्याच नाहीत. भरल्या सभागृहात एकाएकी काहीच वाजेना. पोर दचकली, थांबली, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

मागच्या रांगेतून शालनचा आवाज आला, “झेपंल तेवढंच घ्यावं म्हन्ते मी.”

त्या दिवसापासून त्रिशलानं कीबोर्डवरची चादर काढली नव्हती.

आणि आज क्षमावाणी. मोतिया रंगाची कोरी साडी नेसून शालन पायरीशी आली आणि तिनं हात जोडले. “जाणता-अजाणता काही चुकलं असंल तर क्षमा असावी, आक्का.”

आक्काताईंनी हात जोडले नाहीत. तिचे जोडलेले हात मायेनं धरावेत तसे धरले, आणि सोडले नाहीत.

“कशाची गं?”

“म्हंजे?”

“कशाची क्षमा? नाव सांग की.”

“आज असं इचारत्यात व्हय, आक्का? सगळ्याचीच.”

“सगळ्याची यादी लई मोठी हुईल. एकच सांग.”

येणाऱ्याजाणाऱ्या बायका थबकल्या. शांतिनाथ चप्पल शोधता शोधता तसाच वाकलेला राहिला.

“हात सोडा. बांगडी रुतायली.”

“रुतू दे. सांग.”

“पियानो बंद ठेवला,” शालन पुटपुटली.

“किल्ली हरवली म्हणून?”

“न्हाय. हुती.”

“मोठ्यानं. मागच्या बायकांना ऐकू जाईना.”

“हुती माझ्याजवळ! मीच दिली न्हाय! आमच्या पोरानं सोडलं, आन् तुमची रोज माझ्याच घरात येऊन वाजवायची. बघवंना मला!” शालनचे डोळे भरून आले. “उद्यापासनं पाठवा तिला. झाकण उघडं ठेवते. आता तरी क्षमा केली म्हणा.”

“आज्जी, पुरे गं,” मागून त्रिशला म्हणाली.

सगळ्या पायरीचे डोळे आक्काताईंवर होते. त्यांनी शालनचे हात सोडले, पदर सारखा केला, आणि मंडपाच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

“पोरगी उद्या येणार. ते बॅलड तिच्या हातात पुरतं बसंपतूर रोज येणार. तू तिथं थांबायचं न्हाय, आत जाऊन बसायचं. आन् क्षमा? देव देईल, पोरगीबी देईल, मी न्हाय. पुढल्या वर्षी ये, ह्याच पायरीवर उभी ऱ्हा. मी परत ‘कशाची’ म्हणून इचारणार, आन् तू परत मोठ्यानं सांगणार. मी जिती हाय तवर, शालन, दर वर्षी!”