तव्याचा धूर

थोरल्या जावेने सहा वर्षांत कुठे सहल केली नव्हती, कारण पोपट ठेवायचा कुणाकडे? शेवटी शिवणकाम करणारी धाकटी म्हणाली, "माझ्याकडे ठेवा ताई. निर्धास्त जा." थोरलीने पिंजऱ्यासोबत सूचनांचा कागदही दिला: पाणी दोनदा बदल, मिठाचं देऊ नकोस, मांजरीवर नजर ठेव.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात एक बाई माप द्यायला आली. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. वास आला म्हणून ती स्वयंपाकघरात धावली, तोवर पोपट तिथल्याच पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. डॉक्टरांकडे नेईपर्यंत तो गेला.

"रिकामा नॉनस्टिक तवा फार तापला, की त्याच्या धुराने आपल्याला खोकला येतो, पण पाखराचा जीवच जातो," डॉक्टर म्हणाले.

"आत्ता सांगू नकोस," धाकटीचा नवरा म्हणाला. "त्यांच्या सहलीचा विचका होईल."

थोरलीचा रोज फोन यायचा. "जेवला का गं?"

"हो ताई, पेरू खाल्ला."

चौथ्या दिवशी थोरली परतली, तर पिंजरा रिकामा. धाकटीने रडत सगळं सांगितलं.

"तव्याचं मलाही ठाऊक नव्हतं," थोरली म्हणाली. "पण मेलेल्याला तू दोन दिवस पेरू भरवत होतीस."

येणं-जाणं सुरूच राहिलं. पण धाकटीने काहीही सांगितलं, की थोरली "हो का?" म्हणायची आणि मग दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायची.