रिकाम्या खुर्चीचा प्राण

"अठ्ठ्याण्णव! प्राण अठ्ठ्याण्णव!" सेवक ओरडला आणि अख्ख्या सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मंचावर काचेच्या दोन मोठ्या बरण्या होत्या. आत गढूळ पाणी, त्यात फिरणारं पातं, खालून येणारे बुडबुडे आणि वर पडद्यावर प्रत्येकीचा आकडा. रोग्याने खुर्चीत बसून बरणीवर हात ठेवायचा, श्वासगुरूंनी पांढरी पूड टाकायची, की विशीत रेंगाळणारा आकडा सरसर चढलाच म्हणून समजा.

"औषध म्हणजे उसना श्वास, लेकरा! सोड ते!" गुरूंची जीभ अशी, की खडीसाखरेने लाजावं.

आता खुर्चीत दादा होता. त्याच्या इन्सुलिनच्या सुया कालच गुरूंच्या टोपलीत गेल्या होत्या.

त्याची धाकटी बहीण, घरातली छोटी, त्याच्या खुर्चीला लागूनच्या पहिल्या रांगेत अडकून पडली होती. दोन्ही बाजूंनी माणसं खेटलेली, मोबाइल बाहेर जमा, आणि 'प्राण निसटू नये' म्हणून दाराला आतून कडी. दादाचे ओठ सुकले होते. तो लांब, खोल श्वास घेत होता आणि त्याच्या तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. हा वास कशाचा ते छोटीला पक्कं ठाऊक होतं: इन्सुलिन थांबलं की रक्तात आम्ल साचतं, त्याचा.

"दादा, दवाखान्यात चल. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, श्वास बघ किती खोल चाललाय! भरतोय मी."

छोटीने वळून मंचाच्या पायरीशी उभ्या वहिनीकडे पाहिलं. वहिनीने हात झटकला. "तूच रोज जेवताना सांगतेस ना, टाकीतला ऑक्सिजन उतरला की तुझे जिवाणू गुदमरतात? मग चढला की जगणारच!"

झालं! इन्सुलिन बनवणारे जिवाणू ज्या टाक्यांत वाढतात, त्या टाक्या आखणं आणि सांभाळणं हेच छोटीचं काम. तिचंच अर्धं बोलणं तिच्यावर उलटलं. आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात उरलेलं अर्धं लख्ख उजळलं.

ती उठली, लोकांच्या गुडघ्यांना धडकत मंचावर चढली.

"ये लेकी," गुरू हसले. "शंका म्हणजे पोटातला जंत. पाडून टाकू."

"पाडाच. दादा, ऊठ बघू." तिने दादाला वहिनीच्या हाती दिलं, पांढऱ्या पुडीची वाटी उचलली आणि पुढच्या रोग्यासाठी ठेवलेल्या दुसऱ्या बरणीत चिमूट सोडली. खुर्चीत कुणी नाही, बरणीवर हात नाही. आकडा मात्र चढला. चाळीस, सत्तर, सत्त्याण्णव.

"अरेच्चा! खुर्ची बरी झाली की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"हा पाण्यातला ऑक्सिजन आहे," छोटी ओरडून सांगू लागली. "पाण्यात यीस्ट आहे, पावात घालतात तेच. जिवंत असतं तोवर ऑक्सिजन खातं, म्हणून आकडा खाली. मेलं की खाणारं कुणी नाही, हवा चालूच, म्हणून आकडा वर. जेवणारे गेले की डबा भरलेलाच राहतो!"

"पण यीस्ट नुसतं उपाशी असलं तरी आकडा चढतो," छोटी पुढे म्हणाली. "म्हणून कामावर आम्ही आधी थोडी साखर घालतो. जिवंत असतील तर खातात आणि आकडा उतरतो." दादाची साखर एकाएकी उतरली तर असावी म्हणून पर्समध्ये ठेवलेलं ग्लुकोजचं पाकीट तिने दादाच्या बरणीत रिकामं केलं. सगळे पडद्याकडे बघत राहिले. अठ्ठ्याण्णव. हलायचं नाव नाही.

"मेलेत, दादा. गुरूंच्या पांढऱ्या पुडीनं मारलेत. नसेल खरं, तर गुरूंनी चिमूटभर जिभेवर ठेवावी."

गुरूंचा हात वाटीत गेला, ओठांपर्यंत आला आणि थबकला. वहिनीने एवढंच पाहिलं. दादाला धरून ती दाराकडे धावली आणि कडी खाडकन उघडली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात दादाला नीट बोलता येऊ लागलं. नर्सने रक्त तपासून आकडा सांगितला, तसा तो दचकला. "छोटे, काल इथं आलो तेव्हापेक्षा उतरला गं! घाबरू का?"

"हा रक्तातल्या साखरेचा आहे. हा उतरायलाच हवा."

दादाने विचारलं, "मग तिथं मी काय विचारायला हवं होतं?"

"हा आकडा कशाचा, एवढंच."

मंडळी, तुम्हीही एवढंच विचारा, आणि तेही टाळ्या वाजवण्याआधी. अर्धं कळलं असेल तर उरलेलं अर्धं मागून घ्या. डॉक्टरांची सुई मात्र कुणाच्या टोपलीत टाकू नका. दादा ज्याला भरलेला श्वास समजत होता, ती रक्तातलं आम्ल बाहेर टाकायची त्याच्या देहाची शेवटची धडपड होती, आणि सभागृह त्यावर टाळ्या वाजवत होतं.