तांबटाचा डावा डोळा

आमचे हे नाशकातले नावाजलेले तांबट. नावाजलेला माणूस चुकला तरी चूक दुसऱ्याचीच असते, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे.

छत्तीस साली पावसाळा सरला आणि त्यांच्या घागरींचे काठ वाकडे यायला लागले. सिन्नरचे भिमाजी घागर परत घेऊन आले. म्हणाले, "देवरामशेठ, सूनबाईनं डोक्यावर घेतली का पाणी एकाच खांद्यावर सांडतं. काठ लय वाकडा हाय."

ह्यांनी घागर वर धरली, सवयीप्रमाणे उजवा डोळा मिटला, डाव्यानं काठ न्याहाळला आणि सांगितलं, "काठ सरळ आहे. सूनबाईची मान बघून घ्या."

पुढे पत्रा वाईट ठरला, हातोडी वाईट ठरली. शेवटी मी फार बोलते म्हणून हात चुकतो, असं ठरलं. मी दोन महिने गप्प बसले. मला ते फार जड गेलं आणि काठ वाकडे ते वाकडेच.

मग एक दिवस मामंजींच्या हातची जुनी घागर मी ह्यांच्या पुढ्यात ठेवली. मामंजींचा काठ कधी चुकला नाही, हे सगळी तांबट आळी सांगते. ह्यांनी डावा डोळा लावला आणि हातोडी उचलली. "हिचाही काठ गेलाय. ठोकून देतो."

मी त्यांचा हात धरला. "आता उजव्यानं बघा."

त्यांनी बघितलं. पुन्हा डाव्यानं बघितलं. हातोडी खाली ठेवून म्हणाले, "उजव्याला सरळ दिसतोय." मला भीती वाटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून दिव्यानं आत पाहिलं. "आत कॅन्सरची गाठ आहे. तिनं मागचा पडदा उचललाय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. डोळा काढावा लागेल. ठेवला तर गाठ अंगात पसरेल."

"पण दुखत तर नाही," हे म्हणाले.

"दुखलं असतं तर लवकर आला असतात."

हे उठून चालायला लागले. एकडोळ्या तांबटाकडे कोण येणार, म्हणे. माझं डोकं फिरलं. "काठ बघताना एक डोळा मिटताच ना? आता डावा मिटा. आणि तुम्हीच नसलात तर काठ कोण बघणार, मी?"

ते परत येऊन बसले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी खाटेवर बसून त्यांनी चांगला डोळा मिटला आणि डाव्यानं माझ्याकडे बघत राहिले.

"तुझं तोंड वाकडं दिसतंय," म्हणाले.

"ह्या वेळी चूक डोळ्याची नाही," मी म्हटलं. "मी रडतेय."