कंबरेचं कापड

कॅन्सरमुळे स्वादुपिंडाचा अर्धाअधिक भाग काढून टाकल्याला तीन वर्षं झाली होती. शिंपीबुवा वाचले याचंच सगळ्यांना अप्रूप. आता साखर सांभाळायची आणि पचनाच्या गोळ्या घ्यायच्या, एवढंच मागे उरलं होतं. गोळ्यांची वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. जेवणाआधी बरोबर तासभर, अनशापोटी. शिस्तीचा माणूस!

तरी गेल्या आठ महिन्यांत ते वाळत चालले. खाल्लेलं अंगी लागेना, दिवसातून चार-चारदा पळावं लागे. दुखणं परत आलं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि तोंडाला कुलूप घातलं. डॉक्टरांची तारीख दोनदा पुढे ढकलली. बायकोला कळू नये म्हणून दुकानात बसून आपल्याच पँटी कंबरेत आवळल्या. दर वेळी जादा कापड मात्र आत दुमडून ठेवलं. न जाणो, पुन्हा उसवायची वेळ आली तर?

काजं-बटणं करायला बायको त्यांच्याच शेजारी बसायची. एका दुपारी चिंध्यांच्या पेटीत तिला तपकिरी कापडाची पट्टी दिसली. तिने घरी जाऊन त्यांची तपकिरी पँट उलटी केली. कंबरेत दुमडलेलं कापड छाटलेलं होतं. ती पँट तशीच दुकानात घेऊन आली.

"अहो, कापलंत?"

"टोचत होतं गं."

"तीस वर्षं तुमच्या शेजारी बसतेय. आवळलेल्या कंबरा मला दिसत नव्हत्या होय? कापड आत होतं तोवर मी गप्प राहिले. ते कापलंत म्हणजे आशाच सोडलीत की! उठा. आत्ता जायचं."

तपासण्यांत चार दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा वाचला.

"काका, आजार परतलेला नाही. उरलेलं स्वादुपिंड हळूहळू थकलंय, म्हणून आता सगळी भिस्त गोळ्यांवर. गोळ्या कधी घेता?"

शिंपीबुवांनी आपली शिस्त ऐटीत सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, त्या अन्न पचवायला आहेत. पोटात अन्नच नसेल तर पचवणार काय? पहिल्या घासाबरोबर घ्या. आणि आता जन्मभर."

शिंपीबुवा खुळ्यासारखे हसत सुटले. बाहेर आल्यावर बायको मात्र बाकावर मटकन बसली.

"चल ना आता," ते म्हणाले.

"थांबा जरा. आठ महिने रोज तुम्हाला शेवटचं बघितल्यासारखं बघतेय."

त्यांचं हसू मावळलं. आपण हिला जपतोय, अशा समजुतीत ते राहिले होते. ते तिच्याजवळ बसले आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगायला लागले.