मी अंकुश आहो, दार उघड

माणसाच्या कंठापासून ओठांपर्यंतची पोकळी साधारण सतरा सेंटिमीटर लांब असते.

बाटलीत पाणी भरत गेलं की तिचा आवाज चढत जातो.

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून जोरजोरात घोटला की खर्रा होतो. खर्र्यावर बंदी आहे. मिळतो.

साखरपुड्याला वर्षालीनं एकच अट घातली होती.

आलुबोंडे आत आहेत.

आत म्हणजे प्रयोगशाळेत. वर्ध्याच्या एका कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर, त्या प्रयोगशाळेच्या दाराला अंकुशनं बनवलेलं कुलूप होतं, आलुबोंडे आत ठेवून आज सकाळीच बसवलेलं. पीएच.डी.ची सगळी वर्षं त्यानं या कुलपात घातली. त्याला बोटाचा ठसा लागत नव्हता, नंबरही लागत नव्हता. ते आवाज ऐकायचं आणि त्यावरून बोलणाऱ्याच्या तोंडाची आतली पोकळी मोजायचं: जीभ, टाळू, गाल. आवाजाची नक्कल कोणीही करेल, हाडामांसाची कशी करणार? प्रबंधाचं नाव होतं ‘गळा हीच किल्ली’. संगणक सुरक्षा, भौतिकशास्त्र आणि शरीररचना, असे तीन विभाग त्यात गुंतले होते. उरलेल्या दोघांनी प्रबंध वाचला असेल, अशी प्रत्येकाची खात्री होती.

गृहीतक

दार अंकुशच्या आवाजानं उघडेल. सगळे आत जातील. पीएच.डी. होईल. आलुबोंडे खातील.

निरीक्षण

“मी अंकुश आहो, दार उघड,” अंकुश म्हणाला.

लाल दिवा.

“घसा बसला का तुया?” वर्षालीनं विचारलं. ती मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. प्रबंधातली तोंडाची सगळी मापं तिनंच तपासली होती, आणि दिवाळीनंतर ती अंकुशशी लग्न करणार होती.

“नाई बसला. मी अंकुश आहो, दार उघड!”

लाल.

“अरे, मायबापासारखं ओरडू नको, प्रेमानं बोल,” मार्गदर्शक रीता मॅडम म्हणाल्या. हिंगणघाटला त्यांच्या घरचं कापडाचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक रुसलं की त्या हाच सल्ला द्यायच्या.

अंकुश प्रेमानं बोलला. लाल.

बाहेरचे परीक्षक डॉ. बाबाराव उमाटे बाजूला उभे होते. ते अमरावतीहून आले होते आणि सकाळपासून बोलतच नव्हते. कोणी काही विचारलं की मान वर करून “ऊं” एवढंच म्हणायचे. दार उघडलं नाही तर हा “ऊं” नापासाचा ठरणार, हे अंकुशला दिसत होतं.

“सर, परक्या माणसाला कुलूप उघडत नाही, एवढं तरी बघून घ्या,” रीता मॅडम घाईनं म्हणाल्या आणि स्वतः कुलपापुढे वाकल्या. “मी अंकुश आहो, दार उघड.”

लाल.

वर्षाली म्हणाली. लाल.

“बघा, किती सुरक्षित आहे! आता तुम्ही, सर.”

उमाटे सरांनी मान थोडी वर केली. “ई अंकुश आओ, आर उघअ.”

हिरवा. खट्. दार उघडलं.

“अभिनंदन,” रीता मॅडम म्हणाल्या. कोणाला, ते कळलं नाही.

उमाटे सर आत गेले, टेबलावर बॅग ठेवली आणि आपण काय केलं ते बघायला पुन्हा बाहेर आले. मागे दार आपोआप लागलं. सही करायचा कागद बॅगेत राहिला.

शरीररचना

“सर, आ करा,” वर्षाली म्हणाली.

“ऊं?”

“तोंड उघडा.”

तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. उमाटे सरांच्या डाव्या गालात खर्रा होता. ती त्यांना काही बोलली नाही. टॉर्च तसाच अंकुशकडे वळवला.

“कुलपात आवाज भरला त्या दिवशी तुया डाव्या गालात काय होतं?”

“गाल होता.”

“अजून?”

“अजून... तवा मी सोडूनच राह्यलो होतो ना.”

“तोंडात ठेवून सोडून राह्यला होता?”

अंकुशनं डावा गाल हातानं झाकला.

“मी प्रबंधात लिहिलं, डाव्या गालाले जन्मजात फुगवटा हाय म्हणून! दुर्मिळ हाय म्हणून! माया आईले सांगतलं, जावयाचा गाल लाखात एक हाय!”

हे चालू असताना उमाटे सर कोपऱ्यातल्या नळावर गेले, चूळ भरली आणि परत येऊन स्वच्छ आवाजात म्हणाले, “मी अंकुश आहो, दार उघड.”

लाल.

“माझ्याजवळ अजून एक पुडी आहे,” ते म्हणाले.

“कुठं आहे?”

“बॅगेत.”

“तोडा दार,” रीता मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, दार तोडल्यावर प्रबंध काय राहीन?” अंकुश दाराला पाठ लावून उभा राहिला. “माया कुलपाले मीच चोर झालो.”

वर्षाली जिना उतरून गेली. ती घरी गेली, असं सगळ्यांना वाटलं. अंकुशला तर ती कायमची गेली असं वाटलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात पन्नी होती.

“घे.”

“तू आणला?”

“पानठेलेवाला बी असाच पाहून राह्यला होता. घे. डाव्या गालात.”

“वर्षाली, खरंच सांगतो, तुई अट पाळली, होळीपासून खर्र्याले हात नाई लावला. तुई शपथ.”

“मालूम हाय,” ती म्हणाली. “म्हणूनच तर उघडून नाई राह्यलं.”

आणि ती हसली, थोडीशीच.

अंकुशनं खर्रा गालात धरला. सवय सुटली होती. डोळ्यांत पाणी आलं, कान गरम झाले. “ई अंकुश आओ...”

हिरवा.

निष्कर्ष

वर्षालीनं दारात स्वतःची चप्पल अडकवून ठेवली.

उमाटे सरांनी प्रबंधाच्या मुखपृष्ठावर ‘गळा’ खोडून ‘गाल’ लिहिलं, खाली ‘किरकोळ दुरुस्ती’ असा शेरा मारला आणि सही केली. तिन्ही विभागांची हरकत नव्हती. मग त्यांनी दोन आलुबोंडे खाल्ले.

अंकुश नळावर जाऊन तोंड धुऊन आला. वर्षालीनं त्याला उघड्या दारापुढे उभं केलं.

“म्हण.”

“मी अंकुश आहो, दार उघड.”

लाल.

“परत.”

लाल.

“हे कुलूप आपल्या घराले लावू,” ती म्हणाली.

“अवो, पण मग मी घरात कसा येईन?”

“मी आतून उघडीन ना. ज्या दिवशी ते तुया आवाजानं उघडंन, त्या दिवशी पाहू.”

आवाज भरायच्या दिवशी रीता मॅडमनी विचारलं होतं, “तोंडात काही नाही ना?” अंकुशनं मान वर करून “ऊं” म्हटलं होतं.