बिटाचा अर्धा पेला

प्रफुल्ल जाधव डोंबिवलीच्या एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवायचा आणि राहायचा कळव्याला. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला धावायचा नाद लागला. दहा किलोमीटरला एक तास चौदा मिनिटं लागायची. दोन महिन्यांनी कोलशेतला शर्यत होती, तिथे तासाच्या आत यायचंच, असं त्याने ठरवलं आणि बिटाच्या भुकटीचा डबा मागवला.

"यातल्या नायट्रेटने रक्तवाहिन्या सैलावतात. स्नायूंना जास्त रक्त मिळतं," त्याने बायकोला, प्रीतीला समजावलं.

"मग भाजीवाल्याकडचं बीट काय वाईट आहे?"

"त्यात प्रमाण कळत नाही गं."

रोज सकाळी तो मोठा पेलाभर पाण्यात भुकटी ढवळायचा. चव ओल्या मातीसारखी, त्यामुळे अर्धाच घशाखाली जायचा. पहिल्याच आठवड्यात वर्गात पोरं खुसखुसली. मागून कोणीतरी विचारलं, "सर, पान खाल्लं काय?" आरशात पाहिलं तर जीभ लालभडक. मग त्याने दुकानातला सगळ्यात कडक माउथवॉश आणला आणि पिऊन झालं की डोळ्यांत पाणी येईपर्यंत चूळ भरू लागला.

उरलेला पेला ओट्यावरच राहायचा. प्रफुल्लची आई रमाबाई सत्तरीची. महापालिकेच्या दवाखान्यात तिने तीस वर्षं आयाचं काम केलेलं. तिच्या पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या, शंभर पावलं टाकली की पोटऱ्या दुखायच्या. "दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला," असं डॉक्टरांनी वर्षापूर्वी सांगितलेलं, ते तिने मनावर घेतलं नव्हतं. पण टाकून देणं तिला जमायचं नाही. ती त्या पेल्यात लिंबू पिळायची, मीठ टाकायची आणि पिऊन टाकायची. मग तिला वाटायचं, पोराचं एवढं भारी औषध पोटात गेलंय, नुसतं बसून कसं चालेल? म्हणून ती बुद्धविहारापर्यंत चालत जाऊ लागली.

सात आठवडे गेले. प्रफुल्लची वेळ एक तास चौदा मिनिटंच होती. त्याच आठवड्यात तो आईला तपासणीला घेऊन गेला. डॉ. योगिनी वैद्य तिला नेहमी पॅसेजमध्ये सहा मिनिटं चालायला लावायच्या. मागच्या खेपेला रमाबाई चारदा थांबली होती, या वेळी एकदाच.

"आजी, काय खाताय हल्ली?"

"पोराचं उष्टं."

प्रफुल्लने सगळा खुलासा केला. डॉक्टर हसल्या. "चालण्याचा वाटा मोठा आहे, बिटाचाही थोडा असेल. फक्त बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा मला न सांगता घेऊ नका. आणि तुम्हाला काय फरक पडला?"

"काहीच नाही."

"माउथवॉश वापरता का?"

"रोज. पेला झाला की लगेच."

"अहो, ते नायट्रेट कामाला लावतात जिभेवरचे जंतू. तुम्ही तर रोज त्यांनाच मारताय!"

हा धडा त्याने क्लासमध्ये कधी शिकवला नव्हता. खोली सोडताना तो वाया गेलेले आठवडे बोटांवर मोजत होता. बाहेर आल्यावर रमाबाई म्हणाली, "अरे, एवढं काय मनाला लावून घेतोस? तुला नाही तर मला लागू पडलं, घरातलं घरातच राहिलं ना?"

पुढचे दहा दिवस त्याने लाल जिभेनेच शिकवलं. पोरांनी त्याचं नावच पानसर पाडलं.

कोलशेतला तो एक तास तेरा मिनिटांत आला. घामाघूम होऊन पाणी पीत होता, तेवढ्यात प्रीतीने हाक मारली. ज्येष्ठांची दोन किलोमीटर चाल सुरू झाली होती, आणि डॉक्टरांना विचारून रमाबाईने परस्पर नाव दिलं होतं. अर्ध्या वाटेत ती दुभाजकावर बसून पोटरी चोळताना दिसली. प्रफुल्ल धावत गेला, हात पुढे केला.

"हात नको," ती म्हणाली. "दुखलं की थांबायचं, मग चालायचं. तू उगीच घाई करू नकोस."

ती उठली, पदर खोचला आणि चालू लागली. प्रफुल्ल दोन पावलं मागे राहून, स्वतःचेही पाय दुखत असताना, तिच्या चालीने चालत राहिला.