पंच्याहत्तर फेऱ्या

आठवीपर्यंत मी वर्गात तोंड उघडत नव्हते, हे सांगितलं तर आता आमच्या बाईसुद्धा हसतात. नववीत वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि भीती जी पळाली ती पळालीच. रेशन दुकानात मी बोलते, दवाखान्यात मी बोलते, अम्मी नुसती मागं उभी राहते. म्हणून अब्बांच्या कामाचं विचारायलाही मीच गेले.

माझे अब्बा, गौस, एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं माग चालवायचे. दिवाळीआधी त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. सहा महिन्यांत हात बराचसा परत आला, पाय मात्र ओढतच राहिला. त्यांच्या मागांवर शेठनी दुसरा माणूस लावला. अब्बा दिवसभर घरात बसून वाटीतल्या चहाकडं बघायचे. मला ते बघवत नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी युनिफॉर्मवरच शेठच्या केबिनमध्ये शिरले. मुकादम मानसिंगकाका तिथंच सुताचे नमुने घेऊन उभे होते. शेठ वाईट बोलले नाहीत. आठ तास पायावर उभं राहायचं काम आहे, पडले-झडले तर जबाबदारी कुणाची, एवढंच म्हणाले. भिंतीवर शहराच्या दौडीचं पोस्टर होतं आणि त्यावर खाली शेठचंही नाव होतं. पळा नाहीतर चाला, सगळ्यांचं स्वागत, तीन किलोमीटर, वेळेचं बंधन नाही. माझी जीभ सुटलीच.

"शेठ, अब्बा हे तीन किलोमीटर तुमच्या डोळ्यांसमोर चालून दाखवतील. मग तरी ठेवून घ्याल ना?"

शेठ हसले. "दाखवू दे की. मग बघू."

मी घरी उड्या मारत आले.

शास्त्रीनगरात आमच्या घरापुढं एक बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला तिरकं व्हावं लागतं. लांबी मी टेपनं मोजली, वीस मीटर. जाऊन-येऊन चाळीस, म्हणजे पंच्याहत्तर फेऱ्यांत तीन किलोमीटर. रोज पहाटे अब्बा उजवा हात भिंतीवरून सरकवत चालायचे, परतताना तोच हात समोरच्या भिंतीवर. मी पायरीवर बसून खडूनं रेघा मारायचे. पहिल्या दिवशी आठ फेऱ्या झाल्या, महिन्यानं चाळीस. दौडीच्या आधीच्या रविवारी दोनदा बसून पूर्ण पंच्याहत्तर. शेजारची मदिनाबी ओरडली की भिंतीचा चुना सगळा गौसच्या हाताला गेला, आता रंग कोण देणार. अब्बा कितीतरी दिवसांनी हसले.

दौडीच्या सकाळी पार्क चौकात नुसती जत्रा होती. ढोल, गाणी, व्हीलचेअरवरच्या आज्या, कुबड्या घेतलेले काका, कडेवरची पोरं. अब्बांच्या छातीवर मी नंबर लावला. शेठ पांढऱ्या बुटांत आले, अब्बांच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढं पळत गेले. वळून परत येताना भेटतो म्हणाले.

गर्दी होती तोवर अब्बा चालले. पण पळणारे पुढं गेले, चालणारे पांगले आणि सात रस्त्याकडं जाणारा तो रुंद रस्ता एकदम मोकळा झाला. गाड्या बंद, दोन्ही बाजूला काहीच नाही. अब्बांचा उजवा हात हवेत गेला. बोटं काहीतरी शोधत होती. मग पाय थांबले.

"पकडने कू कुच नै, बेटी."

मी खांदा पुढं केला. त्यांनी नकारार्थी मान हलवली, शेठ बघतील म्हणून. मग आम्ही कडेला गेलो. जिथं कंपाउंडची भिंत होती तिथं अब्बा छान चालले, अगदी बोळातल्यासारखे. पण मधेच फाटक यायचं, लावलेल्या गाड्या यायच्या, चहाचा गाडा यायचा आणि अब्बा तिथंच उभे. प्रत्येक ठिकाणी पाच-पाच मिनिटं. एक कुबडीवाले काका जाताना म्हणाले, चला चाचा, मी हाय की. सगळेच चांगलं बोलत होते. रंगभवनच्या अलीकडं अब्बा घामानं भिजून फुटपाथवर बसले. मी हिशोब केला. पंधरा फेऱ्यांएवढं झालं होतं.

शेठ परत आले तेव्हा अब्बा तसेच बसलेले. शेठनी पाणी मागवलं, स्वतःचं मेडल काढून अब्बांच्या गळ्यात घातलं, फोटो काढला. मग मला हळूच म्हणाले, "बाळ, बघितलंस ना? आता आराम करू दे त्यांना."

तेव्हा माझ्या डोक्यात लखकन आलं की कारखान्यात दोन मागांच्या मधली जागा आमच्या बोळाएवढीच असते. तिथं हाताला सारखं काहीतरी लागतं. तिथं अब्बा दिवसभर चालले असते. मी हे बोलायला तोंड उघडलं, पण शेठ पुढं निघून गेले होते.

मानसिंगकाका मागून चालत आले. आमच्याजवळ टेकले. बराच वेळ बूट सैल करत राहिले.

"पोरी, गौसला मी सुताच्या कांड्या भरायला बसवणार हुतो. बसून करायचं काम हाय. महिनाभर नीट झालं की मग शेठला सांगायचं, असं मनात हुतं. पर तू पैज लावलीस आन् शेठ बघू म्हनला. मलाबी वाटलं, चालंल गडी." त्यांनी अब्बांकडं बघितलं नाही. "आता शेठनं डोळ्यानं बघितलं. आता त्यो दारातबी उभा करायचा न्हाय."

मी अब्बांच्या छातीवरचा नंबर सोडवायला लागले.

अब्बांनी सगळं ऐकलं होतं. पोलिसांनी दोऱ्या सोडल्या, रिक्षा आणि बस सुरू झाल्या, धूळ उडाली. अब्बा बराच वेळ त्या गाड्यांकडं बघत बसले. मग म्हणाले, "सोमवार कू मैं जाता. शेठ से मैंच बात करता. तू नक्को आना."

मी बरं म्हटलं. शेठ काय म्हणणार, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.